डायरीतला ६४,०२५ चा आकडा: एका निवृत्तीच्या हिशेबाचं प्रकरण

काकांनी डायरी उघडून टेबलावर ठेवली. पानाच्या तळाशी एक आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: ६४,०२५. "महिन्याचे," ते म्हणाले. "आता तुम्ही फक्त टॅक्स किती लागते तेवढं सांगा."

मी नागपुरातल्या प्रतापनगरात लोकांची इन्कम टॅक्स रिटर्नं भरतो. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार मी नाही, आणि तसं मी येणाऱ्याला पहिल्यांदाच सांगून टाकतो. पण माणूस निवृत्त होतो तेव्हा तो आधी सल्लागाराकडे जात नाही, रिटर्न भरणाऱ्याकडे येतो. काका-काकूंचं हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं देत नाही, आकडे थोडे गोल केले आहेत, बाकी सगळं तसंच आहे.

काका हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ३१ मे २०२५ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. काकू ५४ वर्षांच्या. मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये स्वतःचं घर आहे, वरच्या खोल्या कॉलेजच्या पोरांना भाड्याने दिल्या आहेत, त्याचे ८,००० येतात. मुलगा पुण्यात नोकरीला. पीएफचे ४६ लाख, ग्रॅच्युइटीचे साडेआठ, शिल्लक रजेचे दीड, असे ५६ लाख जूनअखेर खात्यात पडले. त्याआधीचे ५ लाख बँकेत एफडीत होते आणि ९ लाख काकूंच्या नावाने एका पतसंस्थेत. एकूण ७० लाख.

पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांना मिळते ती. ती किती, हे ऐकून बाहेरच्या माणसाला विश्वास बसत नाही. तीस वर्षं नोकरी, शेवटचा बेसिक ४८,०००, आणि पेन्शन ४,४००. कारण तिथे पगार धरतात तो खरा नाही, मर्यादेतला. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० आणि नंतरच्या सेवेला १५,००० धरून, वर्षांनी गुणून, ७० ने भागायचं. सरकारी शाळेतला शिक्षक आणि कारखान्यातला सुपरवायझर एकाच गल्लीत राहतात, दोघंही "पेन्शनर" म्हणवतात. पण एकाचं महिन्याचं घर त्यावर चालतं आणि दुसऱ्याचा किराणासुद्धा त्यात निघत नाही. म्हणूनच काकांसारख्या माणसाला स्वतःचा पगार स्वतः उभा करावा लागतो.

डायरीतली मांडणी अशी होती. पोस्टातल्या सीनियर सिटिझन योजनेत ३० लाख, ८.२ टक्क्यांनी महिन्याला २०,५००. पोस्टातच एमआयएस म्हणजे मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावाने १५ लाख, ७.४ टक्क्यांनी ९,२५०. उरलेले सगळे, म्हणजे जुने ९ आणि नवे १६ मिळून २५ लाख, पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी २१,८७५. पेन्शन ४,४००. भाडं ८,०००. बेरीज अचूक होती. मेंटेनन्सचा माणूस, आकड्यात चूक करणार नाही.

घरखर्च विचारला. काकूंनी तोंडपाठ सांगितला: महिन्याचा ३६,०००, आणि वर्षातून येणारे मोठे खर्च ७२,००० च्या घरात. कंपनीची मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी संपली होती, नवीन घेतली तिचाच हप्ता ४६,०००. बाकी घरटॅक्स, गाडीचा विमा, दिवाळी, उन्हाळ्याआधी कूलरची डागडुजी. सगळं महिन्यावर आणलं तर ४२,०००.

म्हणजे ४२ खर्च आणि ६४ आवक. काका समाधानाने बसले होते. टॅक्सचं म्हणाल तर तोही शून्य: व्याज ६,१९,५००, त्यात पेन्शन आणि भाडं धरलं तरी इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट, म्हणजे टॅक्समाफी, मिळतं. मी "शून्य" म्हटलं असतं तर काम पाच मिनिटांत संपलं असतं.

पतसंस्थेचा विषय

सुरुवात मी पतसंस्थेपासून केली आणि ती चूक होती, कारण काकूंचा मावसभाऊ तिथेच दैनिक ठेवीचा एजंट आहे. काकूंचा चेहरा बदलला. "पंधरा वर्षं झाली भाऊ, एकदाही व्याज चुकलं नाही."

व्याज चुकलं नाही हे खरंच आहे. बुडणाऱ्या संस्थेचंही व्याज बरेचदा बुडायच्या आदल्या महिन्यापर्यंत चुकत नाही. मला सांगायचं होतं ते वेगळंच. बँकेत ठेवलेल्या पैशाला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थेला नाही. पाटीवर "सहकारी" लिहिलेलं असतं, आत काउंटर, पासबुक, शिपाई सगळं बँकेसारखं असतं, त्यामुळे हा फरक दिसत नाही. त्यांची पतसंस्था वाईट आहे असं मी म्हणत नव्हतो. ती चांगली असेलही. पण ती चांगली आहे की नाही हे तपासायचं साधन ना माझ्याकडे आहे ना काकांकडे. आणि साडेदहा टक्के देणारी संस्था पुढे कर्जदाराकडून किती घेत असेल, आणि तेवढ्या व्याजाने कर्ज कोण काढत असेल, हा विचार काकांनीही कारखान्यातल्या डब्याच्या वेळी शंभरदा केला असणार.

मी फक्त वजाबाकी करून दाखवली. पतसंस्थेचे २१,८७५ थांबले तर ६४,०२५ चे ४२,१५० होतात, बरोबर घरखर्चाइतके. त्यात परीक्षा संपून पोरं गावी गेली आणि वरच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, की ३४,१५०.

काका गप्प झाले. काकू म्हणाल्या, "आणि पोट्ट्याला द्यायचे ते?"

ही गोष्ट डायरीत नव्हतीच. मुलगा पुण्यात वाकडला फ्लॅट घेत होता आणि काकांनी त्याला फोनवर १५ लाख कबूल केले होते. कुठून देणार होते? "पतसंस्थेतूनच, थोडे कमी ठेवू." म्हणजे ६४,०२५ मधून त्याच दिवशी १३,१२५ गेले, आकडा ५०,९०० वर आला, आणि अजून एकही पासबुक उघडलेलं नव्हतं. गंमत बघा: काकूंना हे माहीत होतं, काकांनाही माहीत होतं, मुलाला तर होतंच. फक्त हिशेबाला माहीत नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या निवृत्तांच्या डायऱ्यांत ही ओळ बहुतेकदा गाळलेली असते.

पाच वर्षांचा आकडा आणि तीस वर्षांची गरज

मग मी काकूंचं वय पुन्हा विचारलं. ५४. त्यांच्या आई ८८ व्या वर्षी गेल्या. म्हणजे या ७० लाखांना काकांपुरतं वीस-बावीस वर्षं आणि काकूंसाठी तीस वर्षांहून जास्त पुरायचं आहे.

डायरीतल्या कुठल्याही योजनेचा दर पाच वर्षांच्या पुढे ठरलेला नाही. सीनियर सिटिझन योजना २००४ साली ९ टक्क्यांनी सुरू झाली. मध्यंतरी ती ९.३ पर्यंत गेली होती. एप्रिल २०२० मध्ये एकदम ७.४ वर आली आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत तिथेच राहिली. एप्रिल २०२३ मध्ये ८.२ झाली, मर्यादाही तेव्हाच १५ लाखांवरून ३० लाख झाली. खातं उघडतानाचा दर पाच वर्षं कायम राहतो, ही या योजनेची मोठी जमेची बाजू. पण २०२० च्या मे महिन्यात निवृत्त झालेल्या माणसाला त्याच ७.४ मध्ये पाच वर्षं काढावी लागली. ३० लाखांवर ९.३ आणि ७.४ मधला फरक महिन्याला ४,७५० रुपयांचा होतो. काकांचं खातं २०३० साली संपेल, एमआयएसही २०३० सालीच. दोन्ही एकाच वर्षी मोकळे, आणि त्या वर्षी दर काय असेल हे दिल्लीत बसलेल्यांनाही आज सांगता येणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या चारच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसहावरून साडेपाचवर आणला, आणि बँकांच्या एफडीचे दर पाठोपाठ उतरले. काकांच्या ५ लाखांची एफडी जूनमध्येच नूतनीकरणाला आली होती, त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं.

दुसरी बाजू खर्चाची. महागाई ५ टक्के धरली तर आजचे ४२,००० बारा वर्षांनी ७५,००० च्या वर जातात. तेव्हा काका ७०, काकू ६६. डायरीतला आकडा मात्र ६४,०२५ वरच उभा. काका म्हणाले, "पण आता तर बावीस हजार वाचून राहिले ना जी?" वाचतील हे खरं. पण ते वाचलेले कुठे ठेवणार, ही ओळही डायरीत नव्हती. महिन्याला खात्यात पडणारं व्याज माणूस पगार समजूनच खर्च करतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तर जास्तच. चारधाम होतं, टाइल्स बदलतात, नवीन गाडी येते.

गच्चीवरची टाकी

समजावून सांगताना मला घरचीच गोष्ट सुचली. नळ किती वाजता येतो, किती वेळ येतो, धार कशी असते हे आपल्या हातात नसतं. पेंच धरणात पाणी किती आहे, कुठल्या चौकात पाइपलाइन फुटली, यावर ते ठरतं. तरी आपल्या न्हाणीघरातली तोटी उघडली की पाणी येतं, कारण वर टाकी आहे. काका मेंटेनन्सचेच. त्यांनी वाक्य पूर्ण केलं, "म्हणजे तुम्ही टाकी बसवायला सांगून राहिले."

तेच. काका "दरमहा देणारी योजना" शोधत होते. खरं तर सीनियर सिटिझनचं व्याज महिन्याला येतच नाही, तिमाहीला येतं: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. डायरीतले २०,५०० हे कागदावरचे. हातात पडणार ते तीन महिन्यांनी ६१,५००. भाडं वर्षातले दहा महिने. मेडिक्लेमचा हप्ता जूनमध्ये एकदम. आवक एका चालीने येत नाही आणि खर्चही एका चालीने होत नाही. मध्ये एक खातं हवं. सगळं व्याज, पेन्शन, भाडं त्यात पडेल आणि दर १ तारखेला त्यातून घरखर्चाच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप जाईल. या टाकीत वर्षभराच्या खर्चापेक्षा थोडी कमी रक्कम कायम असली की "स्थिर उत्पन्न" तयार होतं. कुठल्या योजनेचा दर अर्धा टक्का जास्त, यावर ते ठरत नाही.

हे पटल्यावर पुढचं सोपं झालं. सोपं म्हणजे, तीन बैठका लागल्या.

नवी मांडणी

मुलाला १५ ऐवजी ५ लाख. हा निर्णय माझा नाही, काकूंचा. त्यांनी पुण्याला फोन लावला आणि काका खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. मुलगा समजूतदार निघाला, फ्लॅट थोडा लहान घेतला. सगळ्यांच्या नशिबी असं नसतं, हे नोंदवून ठेवतो.

सीनियर सिटिझनमध्ये ३० लाख, तसेच. यात एक अट बहुतेकांना माहीत नसते. ही योजना ६० च्या पुढच्यांसाठी. ५५ ते ६० मधल्या निवृत्ताला मिळते, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत आणि त्या रकमेपुरतीच. कंपनीचं निवृत्तीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. काकांना कोणीतरी "साठ झाल्यावर उघडा" असं सांगितलं होतं. ते ऐकून थांबले असते तर दोन वर्षं पैसे साडेसहा टक्क्यांच्या एफडीत बसले असते.

एमआयएस १५ लाखांऐवजी ९ लाख, आणि तो एकट्या काकूंच्या नावाने. महिन्याला ५,५५०. काकांना वाटलं हे टॅक्स वाचवायला. नाही. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, त्यामुळे टॅक्सच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. कारण दुसरं होतं, त्यावर पुढे येतो.

बँकेत १० लाख, पण एका पावतीत नाही. दोन-दोन लाखांच्या पाच एफडी: एक वर्षाची, दोन वर्षांची, असं करत पाच वर्षांपर्यंत. दोन बँकांत वाटून, कुठल्याही एका बँकेत एका नावावर विम्याच्या मर्यादेपलीकडे जाणार नाही अशा बेताने. दरवर्षी एक पावती मोकळी होईल. त्या वर्षी दर चांगला असेल तर पुन्हा पाच वर्षांसाठी टाकायची, गरज असेल तर वापरायची. सगळे पैसे एकाच वर्षीच्या दरात अडकत नाहीत. साडेसहाच्या आसपासच्या दराने हे महिन्याला ५,४०० होतात.

टाकीत ४ लाख: थोडे बचत खात्यात, बाकीचे केव्हाही मोडता येतील अशा छोट्या पावत्यांत. काकांना मधुमेह आहे. नव्या मेडिक्लेममध्ये आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या काळात रामदासपेठेतल्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर एफडी मोडण्याच्या रांगेत उभं राहायला नको.

पतसंस्थेतले ९ लाख काढायचे ठरले. निघाले ७. दोन लाख "नात्यासाठी" राहिले. मी भांडलो नाही. दोन लाख गेले तर दुःख होईल, पण घर चालेल.

आणि १० लाख म्युच्युअल फंडात. हे काकांना सगळ्यात जड गेलं. आयुष्यात एक शेअर घेतलेला नाही. त्यात त्यांच्या बँकेतल्या एका पोराने त्यांना आधीच दोन गोष्टी दाखवून ठेवल्या होत्या. एक, "हमी उत्पन्न" देणारी विमा योजना, जिच्यात पहिली सहा वर्षं भरायचं आणि आठव्या वर्षापासून मिळायचं. ज्याला पुढच्या महिन्यापासून पैसे हवेत त्याला ही योजना दाखवणाऱ्याच्या धैर्याचं कौतुकच करायला हवं. दुसरी, "दर महिन्याला एक टक्का डिव्हिडंड" देणारा फंड. त्या डिव्हिडंडबद्दल एवढंच सांगतो: तो वेगळा नफा नसतो, तुमच्याच युनिटच्या, म्हणजे फंडातल्या तुमच्या हिश्श्याच्या, किमतीतून तेवढी रक्कम वजा होऊन तुमच्या हातात येते. लोकांचा घोटाळा होतो म्हणून सेबीने एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचं नावच बदलायला लावलं आणि नव्या नावात "भांडवल काढून घेणे" हे शब्द घातले. नाव एवढं लांब झालं की आता कोणी वाचतच नाही.

काकांना मी सांगितलं, या १० लाखांतून सात वर्षं एक रुपयाही काढायचा नाही. आजच दरमहा काढायला सुरुवात केली आणि बाजार पडला, तर पडलेल्या भावात युनिटं विकावी लागतात, आणि बाजार सावरतो तेव्हा सावरायला युनिटंच उरलेली नसतात. २०२० च्या जानेवारीत निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, १२,००० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. नोव्हेंबरपर्यंत पुन्हा जुन्या पातळीवर आला. ज्याला मधल्या आठ महिन्यांत विकायची गरज नव्हती त्याला काही झालं नाही. काकांचा घरखर्च दुसरीकडून भागतो, म्हणूनच त्यांना हे १० लाख ठेवणं परवडतं. सात वर्षांत ६ टक्क्यांनी वाढले तर १५ लाख, ९ टक्क्यांनी वाढले तर १८. त्यांचं काम काकूंच्या साठीनंतर महागाईला तोंड देणं, आजचा घरखर्च भागवणं नव्हे. फंड कुठले, हे त्यांनी फी घेणाऱ्या नोंदणीकृत सल्लागाराला विचारून ठरवलं. पैसे एकदम न टाकता दीड वर्षात हप्त्याहप्त्याने जात आहेत.

अ‍ॅन्युइटीचा विषयही निघाला, एकरकमी पैसे देऊन तहहयात पेन्शन घेण्याचा. मी म्हटलं, आत्ता नको. दर आयुष्यभरासाठी गोठतो, आणि वय जितकं कमी तितका दर कमी. काकू पासष्टच्या होतील तेव्हा बघू. तेव्हा काकूंना व्याजाचे कागद सांभाळायचा कंटाळा आलेला असेल तर तो पर्याय वाईट नाही.

आता बेरीज: २०,५०० आणि ५,५५० आणि ५,४०० आणि पतसंस्थेचे १,७५० आणि पेन्शन ४,४०० आणि भाडं ८,०००. एकूण ४५,६००.

काकांनी ती बेरीज दोनदा तपासली. "तुम्ही तर माझे अठरा हजार उडवून टाकले साहेब."

काकूंचा प्रश्न

तिसऱ्या बैठकीत काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे. पण उद्या हे नसले, तर मला पोस्टात कोण ओळखणार जी?"

काकांनी "काहीही बोलून राहिली" म्हणून विषय झटकला. मी नवीन कागद घेतला आणि पहिल्यांदाच त्या घराचा हिशेब काकूंच्या नावाने मांडला.

पेन्शन निम्मी होते, २,२०० च्या आसपास. सीनियर सिटिझनचे ३० लाख हा खरा घोळ. खातेदार गेला तर पत्नीला ते खातं मुदतीपर्यंत पुढे चालवता येतं, पण ती स्वतः त्या योजनेला पात्र असेल तरच. काकू ५४ च्या, साठ व्हायला २०३१ उजाडेल. तोपर्यंत काही झालं तर खातं बंद करावं लागणार, आणि मृत्यूच्या तारखेपासून त्यावर व्याज ८.२ नाही, पोस्टाच्या बचत खात्याचं, ४ टक्के. म्हणजे दुखवट्याच्या महिन्यांत, कागद गोळा करेपर्यंत, घरातली सगळ्यात मोठी आवक अर्ध्यावर येते. हे ऐकून काका पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

एमआयएस काकूंच्या एकटीच्या नावाने का, ते इथे कळतं. काहीही झालं तरी ते ५,५५० कुठल्याही दाखल्याशिवाय चालू राहतात. टाकीचं खातं दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं, असं केलं. सगळीकडे नॉमिनी तपासले. पतसंस्थेच्या खात्याला काकूंच्या दिवंगत आईचं नाव निघालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा, हे दोघांनाही नवीन होतं. म्हणून काकांनी साधं मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी.

आणि एक लाल वही. पहिल्या पानावर कुठे काय आहे, कुठल्या तारखेला काय येतं, कोणाला फोन करायचा. वही काकूंनी स्वतःच्या हाताने लिहिली. काका सांगत होते, त्या लिहीत होत्या, आणि मध्येच विचारत होत्या, "हे मला कधी सांगितलं होतं?"

पुढे काय झालं

माझी एक चूक झाली ती सांगायला हवी. पोस्टात खातं उघडताना टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा टॅक्स, कापू नये म्हणून १५एच फॉर्म द्या, असं मी सवयीने सांगून गेलो. काका ५८ चे. १५एच तेव्हा वयाच्या साठीपुढच्यांसाठी होता. काउंटरवरच्या बाईंनी तो परत केला आणि वर म्हणाल्या, "तुमचे सीए कोण आहेत?" मी सीए नाही, एवढाच दिलासा. साठच्या आतल्याला तेव्हा १५जी लागायचा, आणि त्याला जास्तीची अट असायची: वर्षातल्या व्याजाची बेरीज करमुक्त मर्यादेच्या, नव्या पद्धतीत ४ लाखांच्या, आत हवी. काकांच्या जुन्या डायरीप्रमाणे ती सहा लाखांच्या वर गेली असती आणि फॉर्म देताच आला नसता. नव्या मांडणीत पहिल्या वर्षी ती चार लाखांच्या आत बसत होती. तरी त्या धावपळीत फॉर्म द्यायचा राहून गेला. जानेवारी २०२६ मध्ये पहिल्या पूर्ण तिमाहीचे ६१,५०० यायचे ते ५५,३५० आले. काकांचा फोन सकाळी साडेनऊलाच. कापलेले ६,१५० रिटर्न भरल्यावर परत येतील, पण तोपर्यंत घर टाकीवर चाललं, आणि १ तारखेला घरखर्चाच्या खात्यात ४२,००० नेहमीसारखे पडले. काकूंना टीडीएस कापल्याचं चार दिवसांनी कळलं.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. २०२६ च्या जूनमध्ये हप्ता त्यामुळे थोडा कमी येईल, असं काका म्हणतात. मला वाटतं कंपनी मूळ हप्ता वाढवेल आणि हिशेब तिथेच येईल. यावर आमची पैज लागली आहे, तर्री पोह्यांची.

जानेवारीतच काकू एकट्या पोस्टात गेल्या. एमआयएसचे पैसे काढायचे होते. सही जुळली नाही. काउंटरवरच्या बाईंनी पुन्हा करायला सांगितली, तीही जुळली नाही, कारण खातं उघडताना काकूंनी घाईत आडनाव अर्धंच लिहिलं होतं. तिसऱ्यांदा जुळली. घरी येऊन त्यांनी लाल वहीच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात ती अर्धी सही करून ठेवली.

मार्चमध्ये फंडाचा आठवा हप्ता गेला. काका रोज सकाळी पेपरात निफ्टी बघतात. बघू नका म्हणून मी सांगणं सोडून दिलं आहे. वरच्या खोल्या मेमध्ये रिकाम्या होतील. पतसंस्थेतले दोन लाख अजून तिथेच आहेत, आणि त्या विषयावर काकू माझ्याशी बोलत नाहीत.